निघोजकरांच्या घरातली तोफ

सुचित्रामावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. एकेचाळीस साली लग्न होऊन ती नगरहून पारनेरला निघोजकरांच्या घरी गेली. तिच्या सासूबाईंना, मुक्ताबाईंना, मी पाहिलं ते त्यांचं पुष्कळ वय झाल्यावर. पुढं जे सांगणार आहे ते मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलं. दोघींच्या सांगण्यात दोन-तीन ठिकाणी फरक पडतो. तिथं मी मुक्ताबाईंचं खरं धरलं आहे. त्या कुणावरच विश्वास ठेवत नसत, स्वतःच्या आठवणीवरसुद्धा नाही, आणि त्यामुळं एकच गोष्ट चारदा तपासून मग सांगत.

त्यांचा हा संशयी स्वभाव जन्माचा नव्हता. एकतीस साली त्यांचे यजमान तापानं गेले. तेराव्यापर्यंत घरात भाऊबंदांचा राबता होता. पाहुणे पांगले तेव्हा देवघरातली मोठी समई आणि चांदीची अत्तरदाणी जागेवर नव्हती. विचारलं तर प्रत्येकानं कानांवर हात ठेवले. मुक्ताबाई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या, पदरात एकच मुलगा, नारायण. त्या मला म्हणाल्या होत्या, "चोर भिंत फोडून येतो असं लोकांना वाटतं. आमच्याकडं तो पंक्तीला बसून जेवला आणि मला धीर देऊन गेला."

त्यानंतर घरात जे उरलं त्यावर त्यांची नजर बसली. उरलं होतं ते दोन प्रकारचं. एक, सासऱ्यांच्या आजोबांपासून चालत आलेली भांडी. दुसरं, सासऱ्यांनी जपलेली जुनी वर्तमानपत्रं.

सासरे, नृसिंहपंत, शाळामास्तर होते. पुण्याहून येणारं एक साप्ताहिक ते टपालानं मागवत आणि वर्षाचे अंक एकावर एक ठेवून लाल फडक्यात बांधत. अशी चार दप्तरं माळ्यावर होती. शके अठराशे एकवीसच्या मोठ्या दुष्काळात कोरा कागद मिळेना, आणि मिळाला तर परवडेना. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या मोकळ्या कडांवर मोडीत लिहायला सुरुवात केली. लिहायचं काय, तर आज घरात काय शिजलं आणि कसं शिजलं. सासूबाई चुलीपाशी बसून सांगत आणि मास्तर दारात बसून लिहीत. दाणा नाही म्हणून तरवट्याचा पाला कसा उकडून पिळायचा, अंबाडीचं बी कितपत भाजलं म्हणजे कडू लागत नाही, कुळीथ आणि कण्या एकत्र करून चार माणसांचं जेवण सात माणसांना कसं पुरवायचं, असलं सगळं. एका बाजूला रेल्वेच्या बातम्या, प्लेगच्या बातम्या, सरकारी जाहिराती, आणि त्यांच्या भोवती उभं-आडवं फिरत गेलेलं स्वयंपाकघर. पुढं सून येईल, तिला कोण सांगणार, म्हणून हे लिहून ठेवायचं, असं सासूबाईंचं म्हणणं. सून येईपर्यंत त्या राहिल्या नाहीत. मुक्ताबाईंना मोडी शिकवली ती सासऱ्यांनीच, ती दप्तरं वाचता यावीत एवढ्यासाठी.

त्या लिखाणात भांड्यांना नावं होती. तीही मास्तरांनीच ठेवलेली. उभट, अरुंद तोंडाचं, जाड पितळेचं दीड हात उंचीचं एक भांडं होतं, त्याला घट्ट बसणारं झाकण. ती 'तोफ'. एकात एक बसणाऱ्या काशाच्या सात वाट्या, ती 'पलटण'. तांब्याचं बसकं तपेलं होतं, ते 'दिवाण'. प्रमाण लिहायचं तर मास्तर शेर-मापटं लिहीतच नसत. दिवाण निम्मा, पलटण पाच, असं लिहीत. त्यामुळं भांडी नसतील तर कागद निरुपयोगी आणि कागद नसतील तर भांडी मुकी. मुक्ताबाई दोन्ही सारख्याच जपत. भांड्यांच्या बुडाला त्यांनी खिळ्यानं बारीक खुणा केल्या होत्या, आणि दप्तरांची गाठ त्या एका ठरावीक रीतीनं मारत, आधी उजवीकडून आणि मग टोक आत खोचून. दुसऱ्या कुणी सोडून बांधलं तर लगेच कळावं म्हणून.

बेचाळीस-त्रेचाळीसचा हिवाळा आला तेव्हा युद्ध पेटलेलं होतं. बाजारात तांदूळ दिसेना, ज्वारी दिसली तर किडकी. कल्हईला कथील मिळत नव्हतं. भंगारवाले पितळ-तांबं विकत घ्यायला दारोदार फिरत होते आणि गावातल्या वाण्याला पुड्या बांधायला रद्दी मिळत नव्हती. घरात नेमक्या या दोनच वस्तू होत्या, पितळ आणि रद्दी, आणि त्या दोहोंना बाजारात भाव आला होता. मुक्ताबाईंची झोप उडायला एवढं पुरेसं होतं.

नारायण नगरला एका वकिलांकडं कारकून होता. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून, वाटेत दोनदा उतरून ढकलत, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. बाकी सारे दिवस घरात दोघीच. सुचित्रा वीस वर्षांची, सातवी पास, वाचायची हौस. मुक्ताबाई तिला वाईट वागवत नसत. पण ती परक्या घरून आलेली होती आणि माळ्याची शिडी चढू शकत होती.

अन्नाची टंचाई झाली तशी मुक्ताबाई दुष्काळातलं, म्हणजे तिसरं, दप्तर हवं तेव्हा खाली काढून त्यातलं वाचून रांधायला लागल्या. कुळथाचं पिठलं, कण्यांच्या वाफवड्या, कुरडूची भाजी. शेजारच्या घरी चुलीवर काही नसताना निघोजकरांकडून फोडणीचा वास येई. लोक म्हणू लागले की बाईनं कुठंतरी पेवात धान्य दडवलंय. मुक्ताबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी खिडकी लावून फोडणी द्यायला सुरुवात केली, आणि मग तर लोकांची खात्रीच झाली.

पौषात, संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, त्या माळ्यावर गेल्या आणि चौथ्या दप्तराची गाठ त्यांना वेगळी दिसली. टोक आत खोचलेलं होतं, पण गाठ डावीकडून होती.

त्यांनी वरचे दोन-तीन अंक उचकून पाहिले; खालचं काय गेलं ते पाहायला माळ्यावर उजेड नव्हता. दप्तर पुन्हा स्वतःच्या रीतीनं बांधलं आणि शिडीच्या वरच्या पायरीवर चिमूटभर पीठ भुरभुरलं. तिसऱ्या दिवशी पिठात पायाची बोटं उमटली होती. लहान बोटं.

मग त्यांनी सुनेकडं बारकाईनं पाहायला सुरुवात केली. उजव्या हाताच्या दोन बोटांना जांभळा डाग.

"हे काय गं?"

"शाईची पेन्सिल, सासूबाई. नगरला पत्र लिहीत होते."

"शनिवारी येणारच आहे की तो. पत्र कशाला?"

सुचित्रा हसून आत गेली. हसणं मुक्ताबाईंना आवडलं नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत सलत होती. नगरकडून एक कासारीण येई. महिन्यात चारदा. सुचित्रा तिला ओसरीवर बसवून बांगड्या भरून घेई, आणि कुजबुज चाले. एवढ्या बांगड्या फुटतात कशा? मुक्ताबाईंनी मनात जुळवाजुळव केली. सून दप्तरातले कागद काढते, कासारीण ते टोपलीतून नेते आणि वाण्याला घालते. आज कागद जातायत, उद्या तोफ जाईल.

त्यांनी सुनेला सरळ विचारलं असतं तर गोष्ट तिथंच वेगळी झाली असती. पण संशयी माणूस समोर विचारत नाही, आडून बोलतो. सकाळी दूध घालायला चांगुणा येत असे, वेशीबाहेरच्या मळ्यातली. मुक्ताबाई दुधाचं भांडं धरून तिच्यापाशी बोलल्या.

"आमच्या घरात माळ्यावरचे कागद हलतायत बघ, चांगुणे. बाहेर कुठंतरी जातायत. ती कासारीण आली की जास्तच."

"कागदं? कागदाचं काय करायचंय कुनाला?" चांगुणा म्हणाली.

"तेच तर. सूनबाईंना विचार."

चांगुणा पुढं दूध घालायला जायची ती पोलीस लाइनीत. त्या हिवाळ्यात पारनेरच्या चावडीच्या भिंतीवर सकाळी चळवळीची पत्रकं चिकटवलेली सापडत होती. सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली चळवळ दडपल्यासारखी दिसत होती, पण पत्रकं थांबत नव्हती, आणि ती येतात कुठून हे शोधायला एक नवे फौजदार बदलून आले होते. चांगुणानं लाइनीत, सहज, हसण्यावारी, मुक्ताकाकूंच्या घरच्या कागदांची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फौजदार दोन शिपायांना घेऊन निघोजकरांच्या दारात उभे राहिले.

फौजदार पन्नाशीचे, हडकुळे, शांत आवाजाचे. कचेरीत मुरलेले, त्यामुळं मोडी वाचता येणारे. एक शिपाई सहादेव, पारनेरचाच. दुसरा बाहेर दारापाशी थांबला.

"बाई, माळ्यावर कागद आहेत म्हणे."

"आहेत. सासऱ्यांचे आहेत. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ते राहू द्या."

सहादेवनं चारही दप्तरं खाली आणून ओसरीवर ठेवली. सुचित्रा माजघराच्या दारात उभी होती. मुक्ताबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना जरा समाधानच वाटलं, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं. त्यांना वाटलं, आता चोरी उघडी पडेल. रद्दीच्या चोरीसाठी फौजदार येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

फौजदारांनी हाताशी आलेलं तिसरं दप्तर सोडलं. पिवळे पडलेले अंक एकेक करून पाहिले. मग एका कडेवर त्यांचं बोट थांबलं आणि ते हळूहळू, अक्षर लावत, मोठ्यानं वाचू लागले.

"तोफ अर्धी भरावी. पलटण सात, आत उतरवावी. तोंड कणकेने बंद करावे. खाली आर, वर निखारे. दोन घटकांनी आवाज होईल, तेव्हा दूर उभे राहून उघडणे." ते थांबले. वर पाहिलं. "हे काय आहे, बाई?"

"वाफवड्या."

"काय?"

"कण्यांच्या वाफवड्या. तोफ म्हणजे भांडं आहे आमचं. पलटण म्हणजे वाट्या."

फौजदार हसले नाहीत. "आणि दिवाण कोण? इथं लिहिलंय, दिवाण निम्मा रिकामा करून घेणे."

"तेही भांडंच."

"लिहिलंय कधी?"

"दुष्काळात. अंकावर तारीख आहे बघा, छापलेली."

"तारीख छापलेली आहे," फौजदार म्हणाले, "शाई हातची आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदाच्या कडेवर काल रात्री लिहिता येतं. आम्हाला पुण्याकडं एक वही सापडली होती. तिच्यात लग्नाच्या याद्या होत्या. नवरदेव किती, वऱ्हाडी किती. ते सगळे बॉम्ब होते."

मुक्ताबाईंना पहिल्यांदा भीती वाटली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांवर संशय घेतला होता. आपल्यावर कुणी असा नजर रोखून बसेल आणि खरं बोललेलं खोटं ठरेल, हे त्यांना नवीन होतं. त्या म्हणाल्या, "भांडी दाखवते."

"भांडी कुणाकडंही असतात. करून दाखवा. हे लिहिलंय तसं, माझ्यासमोर. वड्या झाल्या तर वड्या." त्यांनी पुन्हा कागदाकडं पाहिलं. "पण हे अर्धंच आहे. खाली लिहिलंय, बाकी पुढील वर्षाच्या कागदावर. तो कुठाय?"

"चौथ्या दप्तरात असेल."

माजघराच्या दारात काहीतरी खणकन पडलं. सुचित्राच्या हातातलं ताट होतं. ती खाली वाकली नाही, तशीच उभी राहिली. मुक्ताबाईंनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि मग चौथ्या दप्तराच्या गाठीकडं. गाठ पुन्हा डावीकडून होती.

त्या क्षणी आपल्याला सगळं कळलं, असं मुक्ताबाई कधीच म्हणाल्या नाहीत. एवढंच कळलं की यात रद्दीपेक्षा मोठं काहीतरी आहे आणि ते या माणसाच्या हाती जाऊ द्यायचं नाही. त्यांनी दप्तर उचलून छातीशी धरलं.

"हे मी चुलीपाशी नेते. सोवळ्यात आहे मी. प्रमाण बघून कागद तुमच्या हाती देते. तुम्ही उंबऱ्याशी बसा, तिथून चूल दिसते. पट्टा आणि बूट मात्र आत चालणार नाहीत."

फौजदारांनी घोंगडीची घडी ओढली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसले. तिथून चूल पाच पावलांवर होती आणि मुक्ताबाईंची पाठ त्यांच्याकडं होती.

त्यांनी दप्तर सोडलं. वरचे दोन-तीन अंक पिवळे. त्यांखाली, प्रत्येक अंकाच्या घडीत, पांढरे स्वच्छ कागद. जांभळ्या शाईतली अक्षरं. मथळा त्यांनी अर्धाच वाचला. सुनेच्या बोटांवरचे डाग, कासारीण, चावडीची भिंत, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"सापडला का?" मागून आवाज आला.

"सापडतोय."

हवा असलेला अंक सुदैवानं वरच होता. त्यांनी तो सुचित्राच्या हाती दिला. "साहेबांना दे. आणि मग ये, वाट्यांना तेल लाव." फौजदारांनी अंक घेतला आणि बोट ठेवून अक्षर लावू लागले. मोडी त्यांना येत होती, पण मास्तरांचं अक्षर दाट आणि भरभर लिहिलेलं. एक ओळ लागायला वेळ लागत होता.

कण्या आणि कुळीथ त्या दिवशीच्या जेवणासाठी रात्रीच भिजत घातलेले होते. मुक्ताबाईंनी पाट्यावर कुळीथ वाटायला सुचित्राला बसवलं, तोफेत पाणी घातलं, आणि चुलीत शेणी रचल्या. मग दप्तरातले अंक हातात घेतले. पांढरे कागद वेगळे काढले असते तर लांबून दिसले असते. पिवळ्या अंकांच्या घडीतच ते होते, आणि त्या घडीसकटच ते जाळता येत होते. त्या अंकांच्या कडांवर सासूबाईंचं बोलणं होतं. दुष्काळ सरत आल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यातलं, नवं धान्य घरात आल्यावरचं. मुक्ताबाईंनी ते सगळंच अजून वाचलेलं नव्हतं. निवांतपणी वाचू म्हणून ठेवलं होतं.

त्यांनी पहिली घडी चुलीत सारली. मग दुसरी. मग तिसरी.

"काय जाळताय, बाई?"

फौजदारांनी मान वर केली होती.

"शेणी ओल्या आहेत. पेट घेत नाहीत."

"सहादेव, आत जा आणि बघ."

सहादेव उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. "साहेब, बामनाची चूल हाय. सोवळ्यात हाय ती. म्या कसा जाऊ?"

फौजदार उठले. पट्टा काढला, बूट काढले, आणि अनवाणी आत आले. मुक्ताबाईंनी तेवढ्यात उरलेल्या तीन घड्या एकदम आत कोंबल्या. ज्वाळ चुलीच्या तोंडातून बाहेर आली आणि त्यांच्या हाताची कातडी भाजली. फौजदारांनी चिमटा उचलून जळतं कागदाचं एक टोक बाहेर ओढलं. फुंकर मारली. त्यांच्या हाती जे आलं त्यावर एका औषधी तेलाची जुनी जाहिरात होती, आणि कडेला मोडीत तीन शब्द, जिरे कमी घालणे.

त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. चुलीत वाकून पाहिलं. आत काळ्या पापुद्र्यांचे थर हलत होते.

"सासऱ्यांची आठवण म्हणता आणि चुलीत घालता?"

"तुम्ही दारात बसलायत. मला घाई आहे. काय करू?"

"मग रडता कशाला?"

"धूर."

फौजदारांनी चिमटा खाली ठेवला. मग जागेवर जाऊन बसले, पण आता त्यांनी कागद वाचला नाही. नजर चुलीवरून हलवली नाही. मुक्ताबाईंनी वाट्या भरल्या, एकीवर एक तिरकस रचून तोफेत उतरवल्या, झाकणाच्या कडेला कणीक लिंपली आणि वर निखारे ठेवले. मग दोन घटका तशाच गेल्या. सुचित्रा भिंतीला टेकून बसली होती. मावशी सांगायची, त्या वेळात तिला एकच वाटत होतं, की सासूबाई आता म्हणतील, हिचं आहे हे सगळं, घेऊन जा हिला.

तोफेच्या झाकणाखालून आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग कणकेचा एक तुकडा फाटकन उडाला. बाहेरचा शिपाई धावत ओसरीवर आला. फौजदार उठून उभे राहिले होते.

"दूर उभे राहून उघडणे," मुक्ताबाई म्हणाल्या. "लिहिलंय तसंच आहे."

वाफवड्या पत्रावळीवर काढल्या, वर करडईचं कच्चं तेल आणि तिखट. फौजदारांनी पत्रावळ सहादेवकडं सरकवली. "तू खा आधी."

सहादेवनं एक मोडून तोंडात टाकली, दुसरी टाकली, आणि म्हणाला, "साहेब, लई ग्वाड हाय. इख न्हाई त्यात."

फौजदारांनी मग अर्धी खाल्ली. तिसरं दप्तर काखेत मारलं, तपासायला नेतो म्हणाले, आणि दारातून वळून सुचित्राकडं पाहिलं. "हाताला काय लागलंय, ताई?"

"कुळीथ वाटत होते," सुचित्रा म्हणाली. हात खरोखरच वाटणानं माखलेले होते.

ते गेले. मुक्ताबाईंनी दार लावलं, कडी घातली, आणि भाजलेल्या हातावर तूप लावत पाटावर बसल्या.

"किती होते?"

"चाळीस," सुचित्रा म्हणाली.

"डाग कसे पडले?"

"रात्री भिंतीला लावायला कुणी येई, त्याच्यासाठी मोजून बांधत होते. शाई ओली असायची."

"कासारीण कुणाकडून आणायची?"

"ते मी सांगणार नाही, सासूबाई."

"बरं. नकोच सांगूस." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "घरात अजून कुठं आहेत?"

"नाहीत."

मुक्ताबाईंनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी दुपारभर घर झाडलं. देवघर, धान्याची कणगी, सुनेची ट्रंक, अंथरुणाच्या गुंडाळ्या. काही सापडलं नाही. तरी रात्री जेवताना पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणा दूध घेऊन आली ती दारातच रडायला लागली. "काकू, म्या लाइनीत हसत बोलले वो. मला काय ठावं, असं व्हईल म्हनून. तुमीच म्हनला हुता, कागदं हलत्यात."

मुक्ताबाईंनी दुधाचं भांडं पुढं धरलं. कुणी चहाडी केली याचा त्यांनी रात्रभर विचार केला होता. भाऊबंद, शेजारी, वाणी, कासारीणसुद्धा. एक नाव त्यांच्या यादीत नव्हतं, ते स्वतःचं. त्या म्हणाल्या, "तुझी चूक नाही. माझ्या तोंडाची आहे. दूध ओत."

महिनाभर घरासमोर साध्या कपड्यात एक माणूस बसे. कासारीण पुन्हा आली नाही. मग एक दिवस सहादेव तिसरं दप्तर परत घेऊन आला. प्रत्येक मोडी ओळीखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारलेली होती, जिथं जिथं तोफ होतं तिथं दोन रेघा. नारायणला यातलं काही सांगितलं नाही. त्याला कळलं ते स्वातंत्र्य मिळाल्यावर, आणि तो दोघींवरही दोन दिवस रागावून होता.

त्या उन्हाळ्यात मुक्ताबाईंनी सुचित्राला मोडी शिकवली. का शिकवली ते सांगितलं नाही. जळालेल्या अंकांतलं काही परत आठवतं का म्हणून दोघी कधी कधी बसत, पण जे वाचलंच नव्हतं ते आठवणार कुठून? नव्या बाजरीचं काहीतरी होतं, एवढंच मुक्ताबाईंच्या डोळ्यांपुढं येई. एक शब्द, बाजरी, आणि पुढं घडीत गेलेलं. मग त्यांनी आपल्या मनानं दोन-तीन प्रकार करून पाहिले. एकही चांगला झाला नाही, आणि सुचित्रानं तसं तोंडावर सांगितलं.

पुष्कळ वर्षांनी मावशीनं माझ्यादेखतच त्यांना विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला माझा राग नाही आला?"

मुक्ताबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. नजर गेली होती, आवाज मात्र खणखणीत.

"आला. अजून आहे," त्या म्हणाल्या. "तू मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, ते खरं आहे. पण विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी दुसरीकडं कुठंतरी ठेवले असते."

"कुठं?"

मावशीनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मुक्ताबाईंनी उशीवर मान वळवली आणि तिच्या दिशेनं कान दिला.

"कुठं ठेवले असतेस? सांग ना."